राखेच्या बुधवारी, फाट्यावर

मागच्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, तेव्हा माझी प्रार्थना बंद पडून अकरा महिने झाले होते. बंद पडली असं म्हणते, कारण मी ती ठरवून सोडली नव्हती. ओठ हलत होते. संध्याकाळी दिवा लावून आम्ही दोघं जपमाळेला बसायचो. आमचे हे पुढं म्हणायचे, मी मागं म्हणायचे. पन्नास मणी सरले की मी उठून भाकरी टाकायला जायचे. पण त्यातला एक शब्दही वर पोचत नाही, घरातल्या घरात पत्र्याला लागून खाली पडतोय, असं मला वाटायचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये मी पहिल्या रांगेत बसणारी बाई. वाचनं करणारी, नव्या सुनांना प्रार्थना शिकवणारी. माझंच आतून कोरडं पडलंय हे कुठल्या तोंडानं सांगणार?

बिलोली तालुक्यातल्या खेड्यांमधून मी बत्तीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केली. लोक मला अजूनही नर्सबाई म्हणतात. किती बाळंतपणं केली त्याचा हिशेब नाही आणि किती म्हाताऱ्याकोताऱ्यांचा हात शेवटच्या घटकेला माझ्या हातात होता त्याचाही नाही. माणूस जाताना एकटं असू नये, एवढं एक मी नोकरीत जपलं. वेळ संपली तरी उठत नसे. आणि माझा स्वतःचा मुलगा, अमोल, सत्तावीस वर्षांचा, भर दुपारी डांबरी रस्त्याच्या कडेला एकटा गेला.

अमोल नांदेडला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामावर होता. उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी तो अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मोटारसायकलवर गावी यायचा. संध्याकाळी आमच्या गावात क्रूसाच्या वाटेची, प्रभूनं क्रूस वाहिलेल्या त्या चालीची भक्ती होते आणि लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन पुढं चालायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं होतं. शुक्रवारी तो दिवसभर काही खात नसे. त्या शुक्रवारी नरसीच्या अलीकडं एका फाट्याजवळ कुठल्याशा गाडीनं त्याला धडक दिली. गाडी थांबली नाही, कुणाची होती तेही कळलं नाही. पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं की अपघातानंतर साधारण अर्ध्या तासानं अॅम्ब्युलन्स आली, तेव्हा जखमीजवळ कुणी नातेवाईक किंवा साक्षीदार नव्हता. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की तो कागद घडीवर फाटला. त्या अर्ध्या तासापाशी माझी प्रार्थना अडली होती. तुझ्याच भक्तीला येत होता तो, तुझाच क्रूस उचलायला येत होता, आणि तू कुठं होतास? मी दुसऱ्यांच्या लेकरांपाशी बसले तेव्हा तू माझ्या लेकरापाशी कुणाला बसवलंस? यापुढं मला काही बोलता येत नव्हतं.

तेव्हापासून मी तो रस्ता सोडला. नांदेडला जायचं झालं तर आडवाटेनं धर्माबाद गाठून रेल्वेनं जायची. हे म्हणायचे, अगं, केवढा वळसा. पण त्यांनी कधी आग्रह केला नाही.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी मी डोळे दाखवायला नांदेडला गेले होते. मोतीबिंदू पिकत आला होता. थोरली मुलगी तिथंच दिलेली आहे. तिच्याकडं मुक्काम केला आणि सकाळी तिनं मला जवळजवळ ओढतच चर्चमध्ये मिस्सेला नेलं. रांगेत उभी राहिले, फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली ती राख. दरवर्षी कपाळाला तिचा स्पर्श झाला की अंगावर शहारा यायचा. या खेपेला काहीच झालं नाही. मला वाटलं, मी तर आधीच राख आहे, आणखी काय लावणार?

दुपारी स्टेशनवर गेले तर रुळाच्या कामामुळं गाडी रद्द झालेली. मुलगी म्हणाली, राहा आजचा दिवस. पण ह्यांना मधुमेह आहे, वेळेवर जेवण लागतं. शेवटी मनाचा दगड करून बिलोलीच्या बसमध्ये बसले. नायगाव मागं पडल्यावर डोळे मिटून घेतले. ठरवलं होतं की नरसी आल्याशिवाय उघडायचे नाहीत. पण थोड्या वेळानं बस हळू झाली, जळकट वास आला आणि बस थांबली. "इंजन तापलंय, पाणी टाकावं लागंल. पाय मोकळे करून घ्या जरा," कंडक्टर ओरडला. शेजारच्या बाईला विचारलं, कोणतं गाव आलं? तिनं त्याच फाट्याचं नाव सांगितलं.

बसमध्ये बसवेना म्हणून उतरले. बाहेर उन्हाचा चटका होता. रस्त्याच्या कडेला चार मेढी रोवून वर पत्रे टाकलेलं एक चहाचं हाटेल, एक पंक्चरचं दुकान, पलीकडं लिंबाचं झाड. कागदात त्याच झाडाचा उल्लेख होता. मी तिकडं पाठ करून उभी राहिले. हाटेलातली बाई ड्रायव्हरला घागरीनं पाणी देत होती. माझ्याच वयाची असेल, काटक, कपाळभर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग. तिचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"अक्का, सावलीत या की. उन्हात काहून उभं राहिलाव?"

मी बाकड्यावर जाऊन बसले. तिनं न मागता चहा ठेवला आणि माझ्या कपाळाकडं बघत राहिली.

"तुमच्यात बी इभूत लावतेत का?"

"आजच्या एका दिवशी लावतात," मी म्हणाले. "आमचा उपवासाचा काळ आजपासून सुरू होतो. आम्ही ख्रिस्ती."

मग तिनं हवेत बोटानं एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली. "ते असतंय ना तुमच्या लोकायच्या गळ्यात? मागल्या साली हितं एक लेकरू गेलं. त्याच्या बी गळ्यात व्हतं. काळ्या दोऱ्यात."

तो दोरा मीच ओवला होता. तिनं बोलावं असंही वाटत होतं आणि बोलू नये असंही. ती मात्र जणू वर्षभर कुणाला तरी सांगायचं म्हणूनच थांबली होती. "दुपार कलंडली व्हती. धाडकन आवाज झाला. पळत गेले तर गाडीवाला पसार आन् लेकरू पालथं पडलेलं. मी त्याला उताणं केले, डोस्कं मांडीवर घेतले. तोंड सगळं धुळीनं आन् रगतानं भरलेलं. ह्या पदरानं पुसले. मग त्यानं डोळे उघडले. पाणी मागितलं. मी घागरीतलं पाणी आनून पाजले, दोन घोट पेला. मग मान्सं जमली. कोन तरी म्हनलं, पोलीस येतेत, हात लावनाराला धरतेत. माझ्या भावानं मला वढून घरात नेलं. मागून त्यो गेला म्हनले."

"तो माझा मुलगा," मी म्हणाले.

तिनं पदर तोंडाला लावला. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. ज्या अर्ध्या तासासाठी मी अकरा महिने देवाशी भांडत होते त्याचं उत्तर माझ्यापुढं चुलीपाशी उभं होतं. पण माझ्या आत साठलेलं सगळं विष त्याच वेळी वर आलं. वर्षभर ज्याला शिव्याशाप द्यायचे तो गाडीवाला सापडला नव्हता. ही बाई सापडली.

मी ओरडले, "पाणी कशाला पाजलं? अपघातातल्या माणसाला पाणी पाजू नये, एवढं कळत नाही? तुझ्या त्या पाण्यानंच गेला असेल माझा पोरगा."

तिचा चेहरा विभूतीसारखा पांढरा पडला. कंडक्टरनं शिट्टी वाजवली. मी उठले. ती मागं धावत आली. "अक्का, ऐका की, त्यो आनखी बोलला व्हता," असं काहीतरी म्हणत होती. मी बसमध्ये चढले आणि खिडकीकडं पाठ करून बसले.

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगते. मी जे बोलले ते खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं. शवविच्छेदनाचा अहवाल मी वाचला होता. अमोलची प्लीहा फाटली होती आणि पोटात आतल्या आत रक्तस्राव झाला होता. दोन घोट पाण्यानं त्यात काहीही फरक पडला नसता. अडाणी बाईच्या तोंडून असं काही निघालं असतं तर ते दुःख म्हणून सोडून देता आलं असतं. मी बत्तीस वर्षांची नर्स. ज्ञान हातात असून मी त्याचा दगड करून मारला होता.

घरी येऊन ह्यांना काही सांगितलं नाही. कपाळावरची राख घामानं पसरून एक काळा डाग झाली होती, ती धुऊन टाकली आणि स्वयंपाकाला लागले. पुढं दोन-अडीच आठवडे तसेच गेले. नियम सगळे पाळले. शुक्रवारी मटण-मासळी बंद, एक वेळ जेवण. मंगळवारी आणि शुक्रवारी जपमाळेत प्रभूच्या यातनांची, म्हणजे दुःखाची रहस्यं. पण रात्रंदिवस तो पांढरा पडलेला चेहरा दिसायचा. आणि त्याहून जास्त छळायचं ते तिचं अर्धवट राहिलेलं वाक्य. त्यो आनखी बोलला व्हता. काय बोलला होता? माझ्या लेकराचे शेवटचे शब्द एका अनोळखी बाईपाशी होते आणि ते ऐकण्याआधीच मी तिचं तोंड बंद करून आले होते.

आमच्या गावातली क्रूसाची वाट चर्चमध्ये होत नाही, वस्तीतून फिरते. चौदा घरांपुढं त्या वाटेवरच्या प्रसंगांची चौदा स्थानं. प्रत्येक घरापुढं सडा-रांगोळी, पाट मांडून त्यावर मेणबत्ती. तिसऱ्या शुक्रवारी मी मागं मागं चालत होते. सहाव्या स्थानापाशी आलो. सिस्टर वाचत होत्या की शिपायांच्या आणि बघ्यांच्या गर्दीतून वेरोनिका नावाची एक बाई पुढं आली आणि तिनं आपल्या वस्त्रानं प्रभूचा चेहरा पुसला. लहानपणापासून हे मी ऐकत आले आहे. ती बाई प्रभूला वाचवू शकली नाही, क्रूस उचलू शकली नाही, तिला फक्त चेहरा पुसता आला, आणि तेवढ्यासाठी आपण दोन हजार वर्षं तिच्या नावानं गुडघे टेकतो. सगळ्या बायकांनी त्या धुळीत गुडघे टेकले. मीही टेकले, आणि मला पुन्हा उठताच येईना. बायकांना वाटलं, अमोलची आठवण झाली. मला मात्र दिसत होतं की मी फाट्यावर ह्याच बाईच्या तोंडावर ओरडून आले आहे.

रात्रीपर्यंत थांबले नाही. घरी आल्याबरोबर ह्यांना ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, मुळातच कमी बोलणारे. अमोल गेल्यापासून तर दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील. मला वाटलं, मला रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तो एकटा नव्हता?"

तेव्हा मला माझं दुसरं पाप कळलं. हे दुःख फक्त माझंच आहे असं धरून मी चालले होते. ह्या माणसालाही तो अर्धा तास रोज जाळत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन-अडीच आठवडे त्यांची ठेव मी माझ्यापाशी दाबून ठेवली होती.

शनिवारी फादर आले तेव्हा मी पापनिवेदनाला गेले. फादर तरुण आहेत, अमोलपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. सगळं ऐकून ते म्हणाले, "आई, देव तुम्हाला क्षमा करतोय, त्यात शंका ठेवू नका. पण त्या बाईला अजून कुणी सांगितलेलं नाही की तिची काही चूक नव्हती. ते सांगणारं ह्या जगात तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?" प्रायश्चित्त म्हणून त्यांनी दुःखाची रहस्यं सांगितली, त्या बाईसाठी. मी म्हणू लागले तर पहिल्या मण्यालाच अडखळले. मला तिचं नावही माहीत नव्हतं. फाट्यावरची बाई, एवढंच म्हणत राहिले. अकरा-बारा महिन्यांनी पहिल्यांदा मला वाटलं की शब्द पत्र्याच्या वर गेले.

मंगळवारी आम्ही दोघं बसनं त्या फाट्यावर उतरलो. हाटेल बंद होतं. चूल विझलेली, बाकडं उलटं करून ठेवलेलं. पंक्चरच्या दुकानातला माणूस, पन्नाशीचा, दाढीवाला, टायर ट्यूबशी झटत होता. ह्यांनी विचारलं तर म्हणाला, "मावशीची तबियत ठीक न्हाई, बाबा. वीस दिवस झाले. एक बाई बसमधून उतरली व्हती, काय बोलली अल्ला जाने, तवापासून मावशीनं चूल न्हाई पेटवली. म्हन्ते, माझ्या हाताचं पाणी वाईट हाय." मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. त्यानं ओळखलं असणार. पण फक्त हातानं वाट दाखवली, "आत दोन किलोमीटर. शिवकांताबाईचं घर म्हना, कोन बी सांगंल."

ते दोन किलोमीटर आम्ही चालत गेलो. ऊन तापलं होतं, दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली रानं. मी मनात क्रूसाची वाट म्हणत चालले, पुस्तकाशिवाय, आठवतील ती स्थानं. एरवी मी प्रत्येक स्थानापाशी काहीतरी मागत असे. त्या दिवशी मागायला तोंडच नव्हतं. ती नको म्हणाली, दार लावलं, चार माणसांत बोलली, तरी तेही चालेल असं वाटत होतं. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि नवल म्हणजे त्यानं पाय हलके झाले होते.

शिवकांताबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. वाळली होती. मला बघून धडपडत उभी राहिली, पदर सावरला. मी काही बोलायच्या आत तिचे पाय धरले. ती मागं सरली. "अक्का, हे काय करून राहिलाव, पाप लागंल मला."

"पाप मी केलंय," मी म्हणाले. "मी नर्स आहे. तुमच्या पाण्यानं काही झालं नाही, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तरी मी तसं बोलले. मला माफ करा."

तिच्या डोळ्यांत विश्वास नव्हता. "खरं सांगून राहिलाव का माझ्या समाधानाला बोलून राहिलाव? दादा, तुम्ही सांगा."

मग ह्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पिशवीतून त्यांनी शवविच्छेदनाचा अहवाल काढला. तो त्यांनी सोबत घेतलाय हे मला माहीत नव्हतं. वर्षभरात त्यांनी तो एकदाही उघडला नव्हता, मी वाचून दाखवते म्हटलं तरी उठून जायचे. ओसरीवर मांडी घालून, चश्मा लावून, वर्गात धडा वाचावा तसं त्यांनी त्यातली एकेक ओळ सावकाश वाचली आणि तिला कळेल अशा मराठीत समजावली. कुठं मार लागला, आत काय फाटलं, किती रक्त गेलं. शेवटी कागद घडी करत म्हणाले, "बाई, मोठ्या दवाखान्यात असता तरी वाचणं अवघड होतं. तुमच्या पाण्यानं त्याचा घसा ओला झाला. दिवसभराचा उपाशी होता तो."

शिवकांताबाई खाली बसली आणि आवाज न करता रडू लागली. मी तिच्याजवळ सरकून बसले. बऱ्याच वेळानं ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. तिनं तो पुढं केला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि अर्धा तांब्या एका दमात प्याले. उरलेलं मी प्याले. माझ्या वडिलांना रस्त्यावरच्या हाटेलात वेगळ्या कपात चहा मिळायचा, त्या काळातली मी. हिनं माझ्या लेकराचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्याची जात विचारली नव्हती.

मग मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही म्हणत होतात, तो आणखी काही बोलला."

ती घाबरली. म्हणाली, "रागावू नका. माझ्या हातून एक चूक मात्र झाली. पाणी पेल्यावर त्याची नजर फिरू लागली. मला म्हनला, आई. मी गप्प राहिले. पुन्हा म्हनला, आई, तू आलीस का? आता मी काय म्हनू? मी त्याची आई न्हवं. पन लेकरू वाट बघून राहिलं व्हतं. मी म्हनले, हाव बाळा, आले मी. हितंच हाय. मग त्यानं माझं बोट धरलं. म्हनला, उशीर झाला गं मला. मी म्हनले, न्हाई झाला राजा, येळंवर आलास. मग त्यो हसल्यासारखा झाला आन् शांत पडला. मानसं मागून आली. मला वढून नेलं तवा त्याचं बोट सुटून गेल्तं. त्याचा जीव माझ्या मांडीवरच गेला असंल, मला वाटतंय." तिनं हात जोडले. "तुमची जागा मी घेतले, अक्का. खोटं बोलले. तेवढं एक माझ्या जिवाला खातंय."

मी तिचा तो हात घेतला, ज्याचं बोट त्यानं धरलं होतं, आणि माझ्या कपाळाला लावला. ह्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते.

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात अमोलची वर्षाची मिस्सा होती. आम्ही शिवकांताबाईला निरोप पाठवला होता, येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. सोबत भाऊ होता. विभूती लावलेली, धुतलेलं हिरवं लुगडं नेसलेली, हातात एक नारळ. दारातच थांबून मला विचारलं, "अक्का, तुमच्या देवाला नारळ चालतंय का?" मी म्हणाले, चालतंय. तो नारळ मीच वेदीपाशी नेऊन ठेवला. तिला मी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. आम्ही उभं राहिलो की ती उभी राहायची, आम्ही गुडघे टेकले की तीही टेकायची. मिस्सा झाल्यावर बायका भेटायला आल्या. आमच्या भावकीतल्या एका म्हातारीनं तिच्याकडं बघून मला विचारलं, "ह्या कोण गं? कुणाकडच्या?"

"ह्या अमोलच्या आई," मी म्हणाले. म्हातारीला वाटलं, माझं डोकं फिरलं. शिवकांताबाईनं मात्र माझा हात घट्ट धरला.

माझा मुलगा मला परत मिळाला नाही. तो का गेला, हेही मला कुणी सांगितलं नाही, आणि आता मी विचारायचं सोडलंय. गाडी रद्द का झाली, इंजिन नेमकं त्याच जागी का तापलं, याचा कीसही मी काढत नाही. लोक चमत्कार म्हणतात, काही योगायोग म्हणतात, मी दोघांनाही मान डोलावते. मला एवढंच ठाऊक आहे की मी वर्षभर ज्याला विचारत होते, तू माझ्या लेकरापाशी कुणाला बसवलंस, त्यानं उत्तर दिलं होतं. मी विचारायच्याही आधी दिलं होतं, आणि मला ते समोर दिसलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. तरी त्यानं मला तिथं पुन्हा जाऊ दिलं.

उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, क्रूसाचं चुंबन घ्यायला रांगेत उभी राहिले, तेव्हा दरवर्षीसारखी मागण्यांची यादी मनात नव्हती. मुलांच्या नावांनंतर एक नाव नव्यानं आलं होतं, शिवकांता. पुढच्या बाईनं वाट दिली, मी वाकले. बाकीचं सगळं, मी जिथं जिथं पोचू शकत नाही ते सगळं, मी त्याच्यावर सोपवलं आणि उठले.